परिच्छेद ७.३

स्पर्धा संपून तीन महिने झाले होते
जेव्हा झाशी रोडवरच्या ऑफिसातून आम्ही निघालो,
मी आणि तोमर,
एक लाल पेन्सिल, दोन डबे पोहे.
ग्वाल्हेरचा मे.
स्टेडियमच्या दारावर सोळा देशांचे झेंडे तसेच होते,
उन्हानं सगळ्यांचा रंग एकच करून टाकलेला.

आयोजन समितीच्या खोलीला कुलूप.
किल्ली कोणाकडे, विचारलं,
तर चौकीदारानं तीन नावं घेतली
आणि चौथं तोंडाशी येताच गिळलं.

मग व्हाउचरं आली,
गजकच्या रिकाम्या खोक्यांत भरून.
काहींना तीळ चिकटलेले अजून.
मी वाचत गेले.
पाहुण्यांसाठी छत्र्या, चारशे. स्पर्धा फेब्रुवारीत.
शांततेची कबुतरं, एक्कावन्न, भाड्यानं;
परत आली नाहीत म्हणून त्यांची किंमतही.
मैदान भिजवायला पाणी, टँकर एकशे बारा.
तोमरनं मागल्या पानावर भागाकार केला
आणि पेन्सिल खाली ठेवली:
दुधापेक्षा महाग पडत होतं पाणी,
आणि तरी उपांत्य सामन्यात मैदान कोरडं ठणठणीत.
चिलीची एक पोरगी चेंडूमागे घसरली त्यावर,
गुडघ्यापासून मांडीपर्यंत सोलून निघाली.
तिच्या मलमाचं बिल मात्र कुठेच नव्हतं.
ते तिच्या प्रशिक्षकानं कंपूतल्या एका दुकानातून
स्वतःच्या पैशानं आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात एक बाई.
फूलवती कुशवाह. पाइप धरायची मैदानावर.
"तुमच्या कागदांत माझं नाव आहे का?"
होतं.
एकतीस दिवस, दोनशे चाळीस रोज,
पैसे पावले, खाली निळा अंगठा.
तिनं तो अंगठा पाहिला,
आपला पाहिला,
आणि म्हणाली, "पण मला तर सही येते."

तोमरच्या वहीत करून दाखवली तिनं.
सावकाश. फू-ला उकार देताना जीभ दातांत धरून.
मग पोहे खाल्ले आमच्यातले,
लिंबू नको म्हणाली.

मी परिच्छेद लिहिला. सात पूर्णांक तीन.
असा परिच्छेद मी चोवीस वर्षांत लिहिला नव्हता.
तो वर गेला आणि वरून खाली आला,
पुन्हा गेला, आला,
दर खेपेला थोडा खंगून.
'अपहार'ची 'अनियमितता' झाली,
'अनियमितते'ची 'त्रुटी',
त्रुटीचा 'सुधारणेस वाव'.
चौकशी समितीनं चार बैठका घेतल्या, चहाचं बिल जोडलं,
आणि कळवलं की जबाबदारी सामूहिक होती.
सामूहिक, म्हणजे गावजेवणाची पंगत:
जेवून उठले सगळे,
उष्टी पत्रावळ कोणाचीच नाही.

अध्यक्षांचा सत्कार झाला बाड्याजवळ.
शाल पांघरताना म्हणाले, शहराचं नाव जगात गेलं.
गेलं असेल. कबुतरंही गेलीच होती.

शेवटी एका बुधवारी
फाइल माझ्या टेबलावर आली,
'निकाली' असा शिक्का आधीच मारलेला.
खाली जागा रिकामी.
साहेब म्हणाले, खांबेटेबाई, तुमची तीन वर्षं राहिलीत,
मुलीचं लग्न व्हायचंय.
ओरडले नाहीत. पाण्याचा पेला पुढे सरकवला.

मला तर सही येते.
केली.

आता पेन्शन आहे, गुडघे आहेत,
सकाळी थाटीपूरपर्यंत फेरी असते.
आकडे विसरत चालले मी,
परवा घराचा पिनकोड आठवेना,
पण सात हजार चारशे चाळीस
जात नाही डोक्यातून. दाढेत अडकल्यासारखा आहे.

गेल्या आठवड्यात दाल बाजारात ती दिसली,
डोक्यावर कसलंसं पोतं.
मी मुगाच्या डाळीत हात घातला,
भाव विचारला, पुन्हा विचारला,
ओळख दाखवली नाही.

तिनं दाखवली.
पोतं खाली ठेवून, घाम पुसून म्हणाली,
"बाई, आज पोहे नाही आणलेत?"